जुन्या घराचे सेवेकरी

(ऐतिहासिक घरांच्या जतनकार्यात सहभागी होऊ इच्छिणारे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



'स्वयंसेवक' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर जत्रेतील गर्दी आवरणारा, पुराच्या वेळी धावून जाणारा अथवा संमेलनाच्या मांडवात छातीवर बिल्ला लावून फिरणारा तरुण उभा राहतो. ही सेवा प्रसंगाची असते. प्रसंग सरला की सेवाही सरते आणि स्वयंसेवक आपल्या घरी जातो. आज मला ज्या सेवेविषयी बोलावयाचे आहे ती निराळ्या जातीची आहे. तिच्यात प्रसंग असा नसतोच. एखाद्या जुन्या, जतन केलेल्या घरात दर गुरुवारी दुपारी तीन वाजता जावे, ठरलेल्या खिडक्या उघडाव्यात, ठरलेल्या वस्तूंवरील धूळ मऊ कुंचल्याने काढावी, येणाऱ्या पाहुण्यास खोलीची माहिती द्यावी, सहा वाजता खिडक्या लावाव्यात, वहीत नोंद करावी आणि परत यावे. वर्षभर हे केल्यानंतर 'तुम्ही काय केले?' असे कोणी विचारले तर दाखवावयास काही नसते. घर जसे होते तसेच असते, आणि ते तसेच राहिले यातच केलेल्या कामाचे सार्थक असते.

आपल्या देवळांतून समईची वात पाहणारा जो सेवेकरी असतो त्याच्याशी या कामाचे नाते मला अधिक जवळचे वाटते. त्याला कोणी हार घालीत नाही. परंतु समई विझली तर साऱ्या गावाच्या ध्यानात येते.

किल्ला, देऊळ आणि घर या तिन्ही वास्तू जुन्या असल्या तरी त्यांचे आयुष्य सारखे नसते. किल्ला उपेक्षा सोसतो. शंभर वर्षे त्याच्याकडे कोणी पाहिले नाही तरी तट उभे राहतात, झाडी माजते एवढेच. देवळाला भाविक असतात. घराला मात्र राहती माणसेच हवीत. आपल्याकडील जुने घर म्हणजे चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी आढी-वासे आणि वर नळे किंवा मंगळूरी कौले. आपल्या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एक कौल सरकले तर पहिल्या पावसाळ्यात वासा भिजतो, दुसऱ्यात कुजतो, तिसऱ्यात वाळवी भिंतीतून वर चढते आणि चौथ्यात छप्पर खाली येते. छप्पर गेल्यावर चिऱ्याच्या भिंतीही फार दिवस टिकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले घर नाहीसे होण्यास अशी चार-पाच वर्षे पुरतात, आणि त्यासाठी कोणी काही वाईट करावे लागत नाही. घराला कुलूप असावे एवढेच पुरेसे होते.

आपल्या राज्यात असे कुलूप लागलेली घरे किती आहेत हे गावोगाव हिंडणाऱ्या आपणा शिक्षकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. वारस मुंबईस, कोणी लिस्बनला, कोणी आखाती देशांत, कोणी कॅनडात. आणि घराच्या कागदावर नावे इतकी की सर्वांची संमती मिळेपर्यंत आणखी दोन पावसाळे जावेत. प्राचीन स्मारकांविषयीचा आपला कायदा १९७८ सालचा आहे. त्याचे मोल मोठे आहे. परंतु कायद्याने वास्तू पाडण्यास मनाई करता येते; सरकलेले कौल कायद्याने जाग्यावर बसत नाही. ते बसवण्यासाठी शिडीवर माणूसच चढावा लागतो, आणि ते सरकले आहे हे प्रथम कोणाच्या तरी नजरेस यावे लागते. ही नजर पुरवणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम होय.

खाजगी नागरिकांनी एकत्र येऊन एखादे ऐतिहासिक घर वाचवले याचा एक आरंभीचा आणि फार बोलका दाखला अमेरिकेत सापडतो. तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण त्यात या सेवेचे मोठेपण आहे आणि तिची कसोटीही आहे.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन हे घर पोटोमॅक नदीच्या काठी आहे. १७९९ साली याच घरात त्यांचे निधन झाले. पुढे अर्ध्या शतकात घराची रया गेली. वंशजांना खर्च झेपेना. त्यांनी ते केंद्र सरकारला आणि व्हर्जिनिया राज्याला विकत देऊ केले, परंतु दोन्हीकडून नकार आला. १८५३ साली दक्षिण कॅरोलिनातील एक बाई आगबोटीतून नदीवरून जात असता त्यांच्या दृष्टीस हे घर पडले. रंग उडालेला, आणि पुढील पडवीचे छप्पर टेकू देऊन कसेबसे तोलून धरलेले. त्यांनी आपल्या मुलीला पत्र लिहून विचारले की, या देशातील पुरुषांना हे घर राखता येत नसेल तर बायकांनी का राखू नये? ही मुलगी म्हणजे अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळे त्या जन्माच्या अधू झाल्या होत्या. त्यांनी त्याच वर्षी वर्तमानपत्रातून स्त्रियांना आवाहन केले. त्या काळच्या रीतीप्रमाणे स्वतःचे नाव न घालता. पुढे संस्था स्थापन केली आणि प्रत्येक राज्यात एकेका बाईकडे निधीचे काम सोपवले. किंमत ठरली होती दोन लाख डॉलर. एडवर्ड एव्हरेट नावाच्या नामांकित वक्त्याने गावोगाव वॉशिंग्टनवर व्याख्याने देऊन आणि लेख लिहून त्यात सुमारे ६९ हजारांची भर घातली. १८५८ साली करार झाला आणि १८६० च्या फेब्रुवारीत घर संस्थेच्या ताब्यात आले. आजही ते त्याच संस्थेच्या मालकीचे आहे.

येथवरची कथा आपल्याकडे अनेकदा स्फूर्तिकथा म्हणून सांगितली जाते आणि येथेच थांबवली जाते. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १८६१ साली तेथे यादवी युद्ध पेटले. घर दोन्ही सैन्यांच्या मधोमध. संस्थेच्या प्रमुख बाई दूर दक्षिणेत अडकून पडलेल्या. अशा वेळी संस्थेच्या चिटणीस सेरा ट्रेसी त्या घरात राहिल्या. आलेल्या सैनिकांनी, मग ते उत्तरेचे असोत वा दक्षिणेचे, शस्त्रे बाहेर ठेवूनच आत यावे असा नियम होता. चार वर्षे देश जळत असता त्या घराला धक्का लागला नाही. निधी जमवणाऱ्या बायकांचे नाव झाले ते योग्यच झाले. पण किल्ल्या हाती घेऊन तेथे राहिलेल्या बाईचे काम अधिक अवघड होते असे माझे मत आहे.

आता कसोटीचा भाग. वॉशिंग्टन यांच्या निधनाच्या वर्षी माउंट व्हर्ननच्या मळ्यांवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांना मृत्युपत्राने मुक्त करण्याची तरतूद त्यांनी केली. उरलेल्यांपैकी बहुतेक पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीत मोडणारे, त्यामुळे त्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. घर वाचवल्यानंतर कित्येक दशके पाहुण्यांना दिवाणखाना दाखवला जाई, जेवणघर दाखवले जाई, महापुरुषाचा पलंग दाखवला जाई. ज्यांनी हे सारे उभे केले आणि चालवले त्यांच्या दफनभूमीवर एक साधा दगड बसवण्यास १९२९ साल उजाडावे लागले, आणि योग्य असे स्मारक तेथे १९८३ साली झाले. घराच्या भिंती पहिल्या दहा वर्षांत वाचल्या; घराचे सत्य वाचवण्यास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. हा मुद्दा ध्यानात असू द्यावा. आपल्या घरांकडे वळल्यावर तो पुन्हा निघणार आहे.

इंग्लंडात १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था तिघांनी स्थापन केली. त्यांपैकी ऑक्टेव्हिया हिल या बाईंचे आयुष्य लंडनच्या गरीब भाडेकरूंना माणसांसारखी घरे मिळवून देण्यात गेले होते. संस्थेने १८९६ साली पहिली वास्तू घेतली ती राजवाडा किंवा गढी नव्हे. आल्फ्रिस्टन गावातील चौदाव्या शतकातले, गवताने शाकारलेले, लाकूड-मातीचे एक मोडकळीस आलेले घर दहा पौंडांना विकत घेतले. त्या घरातील एक जमीन खडूच्या दगडाचा चुरा ठोकून आणि आंबट दूध पाजून केलेली आहे. आपल्याकडील चोपून सारवलेल्या जमिनीची सख्खी बहीणच म्हणावयाची! आज त्या संस्थेच्या ताब्यात शेकडो घरे आहेत, आणि त्यांतून हजारोंच्या संख्येने स्वयंसेवक काम करतात. बहुतेक वयस्क, सेवानिवृत्त. त्यांत शिक्षकही पुष्कळ. एका खोलीत एक माणूस उभा. तो पहारेकरीही असतो आणि वाटाड्याही. हिवाळ्यात घर पाहुण्यांना बंद झाले की सामानावर कापडे घालावयाची, गालिचे गुंडाळावयाचे, कपाटातील पुस्तके एकामागून एक काढून झटकावयाची हे काम चालते. त्याला ते घर 'निजवणे' म्हणतात.

हे ऐकून आपल्याकडे कोणी पावसाळ्यात घर असेच 'निजवू' पाहील तर मात्र अनर्थ होईल. तेथील हिवाळ्याचे गणित आपल्या पावसाळ्यास लागू पडत नाही. आपल्याकडे जुलैत हवेतील दमटपणा शेकडा ऐंशीच्या वर असतो, आणि साधारणपणे पासष्ट-सत्तरच्या वर गेला की कागद, कातडे व कापड यांवर बुरशी धरू लागते. बंद कपाट, बंद खोली, वर झाकलेली चादर म्हणजे बुरशीला आमंत्रण. आपले घर पावसाळ्यात निजवावयाचे नसते, जागते ठेवावयाचे असते. पाऊस उघडला, ऊन पडले की दोन तास समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. आभाळ भरून आले की लावाव्यात. पलंग, कपाटे, संदुका भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. मात्र जवळ राहणारा, आभाळाकडे पाहणारा माणूस लागतो. मुंबईहून किंवा राजधानीहून येणाऱ्या अधिकाऱ्यास हे साधणार नाही. शेजारच्या वाड्यावरच्या माणसास साधेल.

आता आपल्या घरांकडेच वळू. सासष्टीतील चांदर गावच्या चौकात ब्रागांझा घराण्याचे विस्तीर्ण घर आहे, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. एकाच दर्शनी भागामागे घराण्याच्या दोन शाखांचे दोन भाग आहेत. पश्चिमेकडील भाग मिनेझिस ब्रागांझा शाखेचा. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचे नाव या घराशी जोडलेले आहे. त्यांनी १९११ साली 'ओ देबाते' आणि १९२८ साली 'प्रकाश' ही पत्रे काढली आणि सालाझारशाहीच्या काळात गोमंतकीयांच्या हक्काचा आवाज उठवला. पणजीतील ज्या संस्थेला आज आपण इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा म्हणतो तिला मुक्तीनंतर त्यांचेच नाव देण्यात आले. चांदरच्या घरात त्यांचा ग्रंथसंग्रह आहे, झुंबरे आहेत, चिनी मातीची जुनी भांडी आहेत. पण या साऱ्यांहून मला लक्षणीय वाटते ते असे की हे सरकारी संग्रहालय नाही. ते राहते घर आहे. घरच्या माणसांनीच ते पिढ्यान्‌पिढ्या राखले आणि अनोळखी पाहुण्यांसाठी दार उघडे ठेवले. पाहुणा जे काही स्वखुशीने देईल त्यावर देखभालीचा भार. एवढ्या मोठ्या घराला एकट्या कुटुंबाचे बळ किती दिवस पुरणार हा प्रश्न चांदरपुरता नाही. लोटलीच्या, केप्याच्या, साखळीच्या, सावईवेऱ्याच्या, अंतरुजातील राजांगणे असलेल्या हिंदू घरांच्याही दारी तो उभा आहे.

कोकणात मालगुंडला कवी केशवसुतांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने पुढाकार घेऊन जतन केले. केशवसुतांचा जन्म १८६६ चा. साहित्यावर प्रेम करणाऱ्या माणसांनी एका घराची निगा आपल्याकडे घेतली. हे आपल्या शेजारीच घडले आहे, तेव्हा परदेशातील दाखल्यांनी कोणी दडपून जाण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. उत्साही स्वयंसेवकाने काय करावे याच्या आधी काय करू नये हे सांगावे लागते, कारण जुन्या घरांचे पुष्कळ नुकसान चांगल्या मनाच्या माणसांच्या हातून होते. चांदीची भांडी लखलखीत करण्याची हौस आवरावी. प्रत्येक घासणीत चांदीचा सूक्ष्म थर निघून जातो आणि नक्षी बोथट होते. सोन्याचा मुलामा असलेल्या चौकटीला ओले फडके लावू नये. फाटलेल्या कागदास चिकटपट्टी लावणे हा तर अपराधच मानावा. पट्टी काही वर्षांत वाळून गळते, तिचा पिवळा चीक मात्र कागदात कायमचा मुरतो. पुस्तकावर कीटकनाशक फवारू नये. पुस्तक झटकताना ते घट्ट मिटून धरावे आणि मऊ कुंचला पुठ्ठ्याच्या पाठीकडून बाहेरच्या कडेकडे न्यावा, म्हणजे धूळ पानांत शिरत नाही. आणि भिंतीला ओल आली म्हणून सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो अदबीने नाकारावा. चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेले पाणी ती बाहेर सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद केले की ओल आतल्या आत चिरा पोखरते, आणि वरून भिंत काही वर्षे छान दिसते. हे छान दिसणेच घातक.

खिडक्यांविषयी दोन शब्द अधिक बोलण्याचा मोह होतो. आपल्या जुन्या घरांना शिंपल्यांची तावदाने असत. पातळ, पांढुरक्या शिंपल्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या. त्यांतून उजेड येई, पण तो दुधातून गाळून यावा तसा सौम्य. पुढे अनेक घरांत ती तावदाने काढून काच बसवण्यात आली. घर उजळले खरे. परंतु त्याबरोबर उन्हाचा तो सारा झोतही आत आला, जो पूर्वजांनी शिंपल्यांनी बाहेर थोपवला होता. प्रकाशाने फिकट झालेले कापड, चित्र वा शाई पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि हे नुकसान दिवसादिवसाने साठत जाते. म्हणून जेथे शिंपल्या शिल्लक आहेत तेथे त्या जपाव्यात. जेथे काच आली आहे तेथे पाहुणे गेल्याबरोबर पडदा ओढावा. पडदा ओढणे हे काम क्षुल्लक वाटते. परंतु एक माणूस वर्षानुवर्षे ते न चुकता करतो तेव्हा मखमलीचा एक रंग पुढच्या पिढीस मिळतो.

कागदपत्रांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. पणजीत जुन्या सचिवालयानजीक म्हामाय कामत घराण्याचे घर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पुढेही पोर्तुगीज व फ्रेंच व्यापाऱ्यांची दलाली या घराण्याकडे होती. त्यांच्या घरातील कागदपत्रे पुढे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे गेली. त्यांच्या आधारे तेओतोनियु डिसोझा यांच्यासारख्या इतिहासकारांनी गोव्यातून चालणाऱ्या फ्रेंच व्यापाराचा, त्यातील गुलामांच्या खरेदी-विक्रीचाही इतिहास मांडला. तो कागद कोणाच्या तरी माळ्यावर होता. साफसफाईच्या दिवशी एखाद्या उत्साही हाताने 'रद्दी' म्हणून तो बाहेर टाकला असता तर त्या माणसांची नोंदही गेली असती. मोडीतील रोजकीर्द, गोंयकानडीतील दस्त, पोर्तुगीज पावत्या, किराण्याच्या याद्या यांपैकी स्वयंसेवकास वाचता येत नाही असे काहीही फेकू नये. वाचता येते असेही फेकू नये. एका कोरड्या पेटीत ठेवावे, वर तारीख व कोठे सापडले ते लिहावे आणि जाणकारास दाखवावे.

पाहुण्यांना घर दाखवणे हे काम सोपे समजले जाते. ते सर्वांत कठीण आहे. आम्हा प्रसिद्धी खात्यातील लोकांना 'भव्य', 'दिव्य' आणि 'अप्रतिम' ही विशेषणे अंगवळणी पडलेली असतात. घर दाखवणाऱ्याने ती आमच्याकडून उसनी घेऊ नयेत. पाहुणा विचारतो, हा पलंग किती जुना? माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावे. माहिती ऐकीव असेल तर 'घरच्यांकडून असे ऐकले आहे, कागद मात्र पाहिलेला नाही' असे सांगावे. कागद असेल तर कागद कोणता ते सांगावे. पाहुणा कथा मागतो आणि कथा दिली की खूष होतो, हे खरे. परंतु एकदा सांगितलेली भुयाराची वा पुरलेल्या धनाची गोष्ट शंभर तोंडांनी परत येते, आणि मग घरात कोणी रात्री कुदळ घेऊन शिरते. हा विनोद नव्हे. गावकऱ्यांना हे प्रकार ठाऊक आहेत.

आणि आता तो माउंट व्हर्ननचा मुद्दा. आपल्या थोर घरांच्या मागील अंगणात स्वयंपाकघर होते, धान्याची कोठारे होती, माचिल वाहणाऱ्या भोयांची बसण्याची जागा होती, आणि भाटांतून मुंडकारांची घरे होती. जुन्या काळात काही घरांतून आफ्रिकेतून आणलेले गुलामही राबले. झुंबर दाखवताना ते झुंबर पुसणाऱ्या हाताविषयी बोलणे अवघड जाते, कारण आजही त्याच गावात भाटकाराचे वंशज आहेत आणि मुंडकाराचेही. मुंडकारांना बेदखल होण्यापासून संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे १९७५ साली झाला. त्याआधीच्या आणि नंतरच्या तंट्यांच्या आठवणी अद्याप ताज्या आहेत. एखादा मुंडकाराचा मुलगा म्हणेल, 'ज्या घराच्या पायरीवर माझ्या आजोबांना बसावयाची परवानगी नव्हती ते घर मी का झाडावे?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येणार नाही. मला एकच उत्तर सुचते. ते घर फक्त मालकाचे म्हणून राखावयाचे असेल तर त्याने ते झाडू नये. पण त्या घराच्या कथेत त्याच्या आजोबांचे नाव, काम, बसण्याची जागा आणि सोसणेही सांगितले जाणार असेल, तर ते घर त्याचेही आहे. आणि त्या बाजूची हकिकत त्याच्याइतकी नेमकी कोणाला सांगता येईल?

येथे शिक्षकांची मोठी मदत होऊ शकेल. गावातील सत्तरी-ऐंशीतील माणसांकडे, भाटकाराच्या घरच्यांकडे तसेच रांधपिणीकडे, पाडेलीकडे, शिंप्याकडे, सुताराकडे मुलांना पाठवावे. वही घेऊन. कोणत्या दाराने येत होता? जेवण कोठे वाढत? मजुरी कशात मिळे, भातात की पैशांत? असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तरे सांगणाऱ्याच्याच बोलीत, कोकणी असो वा मराठी, उतरून घ्यावीत. सांगणाऱ्याने नाव घालू नका म्हटले तर घालू नये. लहान मुलांचे या कामातील स्थान एवढेच असावे. त्यांना शिडीवर चढवणे, जुन्या सामानास हात लावावयास सांगणे किंवा शाळेच्या वेळात झाडू देणे योग्य नव्हे.

आणखी एका बाबीची स्पष्टता करून घेतो, कारण अधिकारीवर्ग येथे उपस्थित आहे. स्वयंसेवक मिळाले म्हणून गवंड्याची, सुताराची, कौले फेरणाऱ्याची मजुरी वाचली, असा हिशोब कोणी मांडू नये. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज दुर्मिळ होत चालला आहे. त्याला योग्य मजुरी दिली नाही तर त्याचा मुलगा ते काम शिकणार नाही, आणि मग स्वयंसेवकांची फौज असूनही भिंत कोणी लिंपणार नाही. स्वयंसेवकाने नजर ठेवावी, नोंद करावी, झाडावे, दाखवावे, लिहावे. कसबाचे काम कसबी माणसाकडून आणि दाम देऊनच करून घ्यावे.

राहत्या घरात सेवा करावयाची तर घरच्यांची मर्जी सर्वांत वर. त्यांनी जी खोली बंद ठेवली ती बंदच. घरात आजारपण असेल, कार्य असेल, सुतक असेल, तर आठवडाभर जाऊ नये. घरातील कौटुंबिक गोष्टी बाहेर बोलू नयेत. एकट्याने आत जाऊ नये, दोघांनी जावे. त्यात सेवकाचेही संरक्षण आहे आणि मालकाचेही. पाहुण्याने हातावर पैसे ठेवले तर ते घराच्या पेटीत टाकावेत. आणि सुरुवातीलाच मालकांशी साध्या भाषेत एक लेखी करार करावा: कोणत्या खोल्या, कोणते दिवस, किल्ली कोणाकडे, काही फुटले-तुटले तर काय. आपल्याकडे तोंडी शब्दाला मान आहे. तरी वारस अनेक असतील तेथे कागद असलेला बरा.

नोंदवहीचा नमुना आपणांस वाटण्यात आला आहे. त्यात तारीख, आलेल्या दोघांची नावे, पाऊस होता की नव्हता, गळती कोठे दिसली, वाळवीची माती कोठे आढळली, पाहुणे किती, आणि काय नवे सापडले, एवढेच रकाने आहेत. गळतीचा रकाना रिकामा असेल तरी 'नाही' असे लिहावे. नुसता रिकामा सोडल्यास पाहिले की नाही ते कळत नाही. पहिला पाऊस साधारणतः जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. तेव्हा कौले फेरण्याचे आणि पन्हळी साफ करण्याचे काम मेच्या मध्यापर्यंत उरकले पाहिजे, आणि त्यासाठी छपराची पाहणी फेब्रुवारीतच झाली पाहिजे. वेळापत्रक त्या हिशेबाने आखले जाईल. ज्यांना नाव द्यावयाचे आहे त्यांनी नावापुढे गाव, वार आणि वेळ लिहावी. 'केव्हाही येईन' असे लिहिलेले नाव वेळापत्रकात घालता येत नाही. वही बाहेर व्हरांड्यातील टेबलावर ठेवली आहे.